सिहोऱ्याला एकटीनं उतरायचं

तिच्या वडिलांनी मला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर पोरगी एकटी बसनं तुमसर-सिहोरा येऊ-जाऊ लागली तर ठीक, नाहीतर तिचं केंद्रात येणं बंद, ती घरी बसेल. हे त्यांनी भांडून सांगितलं नाही. आमच्या व्हरांड्यात, चपला बाहेर काढून, हात जोडून सांगितलं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. भांडणाऱ्या माणसाशी मला भांडता येतं. हात जोडणाऱ्याचं काय करायचं?

आमचं केंद्र म्हणजे तुमसरातल्या एका जुन्या राइस मिलच्या मागच्या दोन खोल्या आणि एक पत्र्याची शेड. सरकारी कागदावर आम्ही बौद्धिक दिव्यांग प्रौढांसाठी काम करतो. गावात लोक अजून 'मतिमंदांची शाळा' म्हणतात, आणि मी दर वेळी चिडून सांगते की ही शाळा नाही. शाळा अठराव्या वर्षी संपते. त्यानंतर या पोरापोरींनी दिवसभर काय करायचं, हे कुणी ठरवलेलंच नसतं, म्हणून आम्ही आहोत. सकाळी द्रोणाचं मशीन चालतं, वाती वळल्या जातात, दुपारी पाळीपाळीनं भात शिजतो, ज्याचं ताट त्यानं घासायचं, आणि आठवड्यातून एकदा बाजारात जाऊन भाजी आणायची. मी इथे बारा वर्षं आहे. शिकवते, ओरडते, नाकं पुसते आणि अहवाल लिहिते.

ती बावीस वर्षांची होती. द्रोणाच्या मशीनवर तिच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. वाचता येत नव्हतं, आकडे पाचपर्यंत ओळखायची, आणि जीभ जड असल्यामुळे तिचं बोलणं नवख्याला पटकन कळत नसे. पण एकदा शिकवलेली गोष्ट ती जशीच्या तशी करायची, एक पायरी इकडची तिकडे नाही. रोज आई तिला बसनं सोडायची, परत जायची, दुपारी पुन्हा घ्यायला यायची. मग आजी पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि आईचा पाय घराबाहेर निघेना. वडील शेतकरी, त्यांना धानातून उसंत नाही. प्रश्न असा साधा होता.

घरी बसणं म्हणजे काय असतं, हे मी पाहिलेलं आहे. आमच्याकडची एक मुलगी अशीच घरी बसली होती. आठ महिन्यांनी मी तिच्या घरी गेले तर ती ओसरीत भिंतीला टेकून बसलेली, आई तिला भरवत होती. आमच्याकडे असताना ती दहा जणांचं वरण वाढायची. त्या दिवशी परत येताना मी रस्त्याच्या कडेला स्कूटी लावून रडले होते. म्हणून सिहोऱ्याच्या या पोरीच्या बाबतीत मी ठरवलं की काही झालं तरी ही घरी बसणार नाही.

सकाळचं काम सोपं होतं. आईनं घरापासून पाच मिनिटांवरच्या सिहोऱ्याच्या थांब्यावर बसमध्ये बसवायचं, आणि तुमसरला बस संपतेच, सगळे उतरतात, मी स्टँडवर उभी. अडचण परतीची. दुपारी साडेतीनची बस सिहोऱ्यावरून पुढे बपेऱ्याला जाते, तिथून पुढे मध्य प्रदेशाची हद्द. सिहोरा मधलं गाव. तिथं आपलं आपल्यालाच उतरावं लागतं.

आमच्या कामात एक पद्धत आहे. मोठं काम बारीक पायऱ्यांत तोडायचं, प्रत्येक पायरीचं चित्र करायचं, आणि शिकवणाऱ्यानं हळूहळू मागे सरत जायचं. मी अकरा चित्रं काढली. बस ओळखणं, चढणं, खिडकीशी बसणं, पास दाखवणं, डबा मांडीवर ठेवणं, अशी. सिहोऱ्याच्या चित्रात तिथली पाण्याची टाकी आणि निळ्या पत्र्याचं दुकान. शेवटच्या चित्रात मोबाइल: उतरल्यावर एक नंबरचं बटण दाबायचं, घरी 'उतरली' म्हणायचं, लाल बटण दाबून धरायचं, फोन पिशवीत. दोन नियम वेगळे, लाल शाईनं: बसमध्ये फोन काढायचा नाही, आणि बसमध्ये कुणाशी बोलायचं नाही. दुसरा नियम वडिलांचाही होता आणि माझाही. तरुण पोरगी, बोलणं असं, कोण हसेल, कोण काय फायदा घेईल, याची भीती आम्हा दोघांनाही होती.

पहिले पंधरा दिवस मी तिच्या शेजारी बसले. मग एक बाक सोडून. मग सर्वांत पुढे, दाराजवळच्या बाकावर, तिच्याकडे पाठ करून. माझी पाठ तिच्याकडे होती म्हणून मी बसमध्ये नाहीच, असं मी समजत होते. सिहोरा आला की मी पिशवी खांद्याला लावून उठायची आणि मागे नजर टाकायची. ती उठलेली असायची. मी मनात बरोबरची खूण करायची आणि परतीच्या बसनं तुमसरला यायची. असे आठ आठवडे गेले. अहवालात मी लिहिलं की आता कुठल्याही मदतीची गरज उरलेली नाही. लिहिताना मी खूश होते, हे कबूल करते.

दिवाळीला चार दिवस असताना तिला पहिल्यांदा एकटीला सोडायचं ठरलं. वडील सिहोऱ्याच्या थांब्यावर पानठेल्याच्या आडोशाला उभे राहणार होते, तिला न दिसता. कंडक्टरला सांगून ठेवू का, असं आमची मदतनीस बाई म्हणाली. मी तिच्यावर खेकसले. कंडक्टरला सांगून बसवायची तर एकटी कसली? एकटी म्हणजे एकटी. त्या दिवशी कंडक्टर नवा होता, मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोरगी चढली, खिडकीशी बसली, डबा मांडीवर घेतला. मी हात हलवला. तिनं हलवला नाही, कारण चित्रांत हात हलवणं नव्हतं.

सव्वाचार वाजता वडिलांचा फोन आला.

"मॅडम, बस आली न् गेली. पोरगी नाही उतरली."

"नीट पाहिलं का? गर्दीत..."

"गर्दी कायची? तीन माणसं उतरले. मी डोळे फाडून पाहून राहिलो न! बस जाऊन राहिली पुढं, मी जातो मागं." आणि फोन बंद.

मी तिचा नंबर लावला. रिंग गेली. पुन्हा लावला. रिंग जात राहिली, आणि मला कळत होतं की ती ऐकते आहे. पिशवीत फोन वाजतो आहे, शेजारचे लोक तिच्याकडे बघताहेत, आणि ती डबा मांडीवर धरून सरळ बसली आहे. बसमध्ये फोन काढायचा नाही. तो नियम मीच तिच्याकडून वीस वेळा घोकून घेतला होता. मी फोनवर ओरडले, "उचल वं!" शेडमधली सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. एकीनं भीतीनं कान झाकले.

मी स्कूटीची किल्ली घेतली आणि निघाले. बाजार समितीच्या वळणावर फोन वाजला. तिची आई होती, आवाजात हसू मावत नव्हतं.

"मॅडम, झालं वो! फोन आला तिचा. उतरली म्हणे. साफ बोलली, उतरली म्हणून!"

क्षणभर मला हायसं वाटलं. मग डोकं चाललं. बाप थांब्यावर उभा होता, त्याला दिसली नाही, आणि ती उतरली आहे. म्हणजे कुठेतरी उतरली आहे. आईला काय सांगावं कळेना. मी म्हटलं, "पोचली का घरी?"

"येईनच आता. पाच मिनिटाचा त रस्ता."

मी "बरं" म्हणून फोन ठेवला. खोटं बोलले नाही, पण खरंही सांगितलं नाही. पुन्हा पोरीचा नंबर लावला तर आता बंद. लाल बटण दाबून धरायचं, हे तिनं चोख केलं होतं. दाबून धरलं की तो जुना फोन बंदच होतो, हे माझ्या लक्षात कधी आलं नव्हतं. वडील गाडीवर, ते उचलत नव्हते. एक माणूस बसच्या मागे धावत होता आणि पोरगी बसमध्ये नव्हती, आणि हे फक्त मला माहीत होतं.

तो रस्ता मी शंभर वेळा केला असेन. त्या दिवशी तो संपेना. धान खरेदी केंद्रासमोर ट्रॅक्टरांची रांग लागलेली, अर्धा रस्ता पोत्यांनी अडलेला. पुढे लोकांनी डांबरावरच धान वाळत घातलेलं, त्याला वळसा घालत जायचं. मी एका ठिकाणी सरळ धानावरून स्कूटी घातली. मागून बाई शिव्या देत होती, आणि तिचं बरोबर होतं. दोन्ही बाजूंना कापणीला आलेल्या धानाच्या बांध्या, माणूस बसला तरी दिसू नये एवढं उंच पीक. नको ते मनात यायला लागलं. तरुण पोरगी, अनोळखी गाव, बोलता येत नाही, फोन बंद. मी मोठ्यानं स्वतःला म्हणत होते, कंडक्टरला एक वाक्य सांगितलं असतं तर तुझं काय जात होतं?

सिहोरा ओलांडला तेव्हा वडिलांचा फोन आला. बपेऱ्याला त्यांनी बस गाठली होती.

"बसमधी नाही वो मॅडम." त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "कंडक्टर म्हणते, एका बाईसंगं उतरली फाट्यावर. बाई कोण, त्याले मालूम नाही. म्हणते, मले वाटलं माय-लेकी आहेत."

फाटा सिहोऱ्यापासून दोन थांबे पुढे. तिथं एक सिमेंटचा निवारा आहे, त्याच्या मागे चहाची टपरी. मी पोचले तेव्हा ती टपरीच्या बाकावर बसलेली होती. डबा मांडीवर, पाय जुळवलेले. तिच्या बाजूला एक बाई, पन्नाशीची, नाकावर चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात आणि माझ्यात साम्य शोधायला लांब जावं लागलं नसतं. मी स्कूटी तशीच टाकली आणि पोरीचे खांदे धरले. ती म्हणाली, "बाबा गेला." तिचे वडील तिच्या पुढूनच गाडी दामटत बसच्या मागे गेले होते, आणि तिनं ते पाहिलं होतं.

"तुमीच काय तिच्या मॅडम?" बाईनं कमरेवर हात ठेवले. "पाहू द्या तरी तोंड! मी दाराजवळ बसली होती. थैली उचलून उभी झाली त हे बी उभी. मी उतरली त हे बी उतरली. म्हटलं, असन इथलीच कोणाची. फोनवर काहीतरी बोलली न् लागली माह्या मागं. मी थांबली का थांबे, चालली का चाले. कोणाची वं तू, म्हटलं, त बोलेच ना. लय वेळानं म्हणते, सिहोरा. म्हटलं, अवं माय, सिहोरा त मागं गेला! तोंड नाही का तुले, विचारता येत नाही? त म्हणते कशी, मॅडम म्हणे, बोलाचं नाही."

मी पोरीच्या खांद्यांवरची पकड सैल केली.

"मुक्यानं कोणी गावाले जाते का? मी सांगितलं तिले, विचाराचं. दहादा विचाराचं. कोणी खात नाही."

आठ आठवड्यांत तिनं पाण्याची टाकी कधी पाहिलीच नव्हती. निळं दुकानही नाही. ती माझी पिशवी बघत होती. पिशवी खांद्याला लागली की उठायचं, हे तिनं माझ्याकडून बिनचूक शिकून घेतलं होतं, आणि मी अहवालात मदत शून्य लिहीत होते. त्या दिवशी माझ्या जागी दुसरी बाई, तिच्या खांद्यालाही पिशवी, आणि तिचं गाव दोन थांबे पुढचं.

तेवढ्यात वडील आले. त्यांना गाडी स्टँडवर लावता येईना. शेवटी ती आडवीच पडली. ते पोरीपाशी आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग काढून घेतला. तिच्याकडे न बघता मला म्हणाले, "झालं मॅडम. उद्यापासून घरीच. तुमी लय केलं, उपकार आहेत, पण झालं." आणि पोरीला, "चाल, बस गाडीवर."

पोरगी उठली नाही.

मला अजूनही वाटतं की त्या क्षणी मी कंडक्टरवर ढकलू शकले असते. तो नवा होता, थांब्याचं नाव तो नीट ओरडला नसेल, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण मग चूक कुणाची ठरली असती? बापाच्या मनात ती पोरीचीच राहिली असती, कायमची.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "तिला सिहोरा मी शिकवलाच नाही. ती मला बघून उतरत होती. आज मी नव्हते, तर ती दुसऱ्या बाईला बघून उतरली. मी शिकवलं तेच तिनं केलं."

वडील माझ्याकडे वळले. "दोन महिने? मंग तुमी शिकवून राहिल्या होत्या का खेळ करून राहिल्या होत्या?"

मी वाकून त्यांची आडवी पडलेली गाडी उचलून स्टँडवर लावली.

बपेऱ्याहून तीच बस तुमसरकडे परत येत होती. पोरीनं ती लांबून ओळखली, उठली, रस्त्याच्या कडेला गेली आणि हात केला. वडिलांनी धावत जाऊन तिचं मनगट धरलं.

"सोड," ती म्हणाली. "माही बस."

"आत्ताच हरपली होती न तू!"

"माही बस. सिहोरा."

बस थांबली. कंडक्टर दारातून खाली वाकला, बापाला ओळखून म्हणाला, "भेटली का दादा?" पोरगी मनगट सोडवत होती, ओढून नाही, एकेक बोट उचलून, आम्ही केंद्रात गाठ सोडवायला शिकवतो तशी. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी जा म्हणायचा हक्क कधीच घालवून बसले होते. ती पिशवीवाली बाई मात्र बोलली, "जाऊ द्या न भाऊ, दोनच त थांबे आहेत." वडिलांची बोटं सुटली होती की त्यांनी सोडली, मला सांगता येणार नाही. ती चढली. घंटी वाजली.

आम्ही दोघं गाड्यांवर मागे निघालो. मध्ये धानाचा एक ट्रॅक्टर घुसला आणि बस दिसेनाशी झाली. पहिला थांबा मागे पडला. तिथं ती उतरली की नाही, दिसलं नाही. वडील कर्कश हॉर्न वाजवत ट्रॅक्टरला घासून पुढे गेले. मी देवाचं नाव घेणारी बाई नाही. त्या दोन थांब्यांत घेतलं.

सिहोऱ्याला बस थांबली. एक म्हातारा उतरला. एक बाई उतरली, तिचं पोतं उतरलं. मग काहीच नाही. वडील गाडीवरून पाय खाली टेकून बसले होते, हेल्मेट नसलेलं डोकं पुढे काढून. आता परत येणारी बस; टाकी आणि दुकान दोन्ही उलट्या बाजूला, माझी चित्रं इथं काही कामाची नव्हती. आणि पायरीवर ती आली. आली आणि तिथंच थांबून मागे वळली.

"सिहोरा?"

"हाव माय, हावच! सिहोराच आहे! उतर आता!" कंडक्टर आतून ओरडला, आणि आम्हाला पाहून दारात आला. "दादा, डोस्कं खाल्लं तुमच्या पोरीनं. बसली तशी सुरू. सिहोरा आला का, सिहोरा आला का. मी सांगणारच होतो न, पण सांगू देईन तवा! त्या बुढ्यालेबी विचारलं, डायवरलेबी विचारलं."

ती उतरली. डबा खांद्याला अडकवला. आमच्या दोघांच्या मधून, आमच्याकडे न बघता, घराच्या रस्त्याला लागली. मला वाईट वाटलं, खरं सांगते. इतका जीव काढला होता, एकदा तरी वळून बघायचं होतं. मग स्वतःचीच लाज वाटली. आठ आठवडे तिनं माझ्याकडे बघितलं होतं, तेच तर बिघडलं होतं.

"कंडक्टरनं उतरवलं तिले," वडील म्हणाले. भांडत नव्हते, विचार करत होते.

"हो. मलाही उतरवतो. नागपूरला गेले की मी चौघांना विचारते."

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. ती पिंपळाच्या वळणापर्यंत गेली होती. समोरून येणाऱ्या एका बाईला तिनं थांबवलं, काहीतरी विचारलं. बाई हसली आणि हातानं तिच्याच घराची दिशा दाखवली. बारा महिने तेरा काळ ज्या गल्लीत राहिली, तिथलीच वाट पोरगी विचारत होती. वडिलांच्या तोंडून विचित्र आवाज निघाला, हसण्याचा की रडण्याचा, आणि त्यांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

मी म्हटलं, दिवस बुडायच्या आत मला निघायला हवं. त्यांनी माझ्या स्कूटीचं हँडल सरळ करून दिलं.

"उद्या बसली का एक फोन करजा मॅडम," ते म्हणाले. "थांब्यावर नाही येत मी. वावरात राहीन."